कुंभ्यावर कुऱ्हाड कशासाठी?

आमच्या बागेच्या खालच्या अंगाला जांभ्या दगडाचा जुना गडगा आहे. गडग्याला लागून एक कुंभा आहे. मे महिन्यात त्याला हिरवी, गोलसर, माथ्यावर फुलाचा सुकलेला शेंडा असलेली फळं धरतात. गेल्या हंगामात शेजारच्या बागेतले काका गडग्यावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो काढून टाक. माशी हेच्यातच वाढता." काकांनी चाळीस वर्षं कलमं सांभाळली आहेत. झाडाची सावली बघून ते मोहोर कधी येईल ते सांगतात. त्यांचं म्हणणं उडवून लावायची माझी हिंमत नाही. त्यांनी ते कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं: बागेभोवतालचे पर्यायी यजमान, म्हणजे आंब्याखेरीज ज्या झाडांच्या फळांत फळमाशी वाढते ती झाडं, नष्ट करावेत.

गेलं वर्षभर हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, कारण ते कागदावर जितकं साधं दिसतं तितकं साधं नाही. ते जसंच्या तसं अमलात आणलं, तर कोकणातल्या बांधावरची आणि गडग्यालगतची उरलीसुरली रानझाडं जातील, देवराईच्या कडेची झाडंही जातील, आणि माशी मात्र राहील. माझं म्हणणं एवढंच आहे की रानझाडाला फळमाशीचा साथीदार ठरवण्याआधी त्याच्या फळातून काय काय बाहेर पडतं ते पाहा. तिथून माशी निघते हे खरं आहे. पण माशीला मारणारी कीडही तिथूनच निघते.

आधी एक गैरसमज दूर करू. पिकलेल्या केळ्यांवर भिरभिरणारी बारीक चिलटं म्हणजे ही फळमाशी नव्हे. ती सडलेल्या फळावर जगतात, धडधाकट फळाच्या वाटेला जात नाहीत. आपली फळमाशी घरमाशीएवढी असते. पिवळसर तपकिरी रंग, पाठीवर पिवळे पट्टे, पारदर्शक पंख. दिसायला गांधीलमाशीच्या पिल्लासारखी. मादी पाडाला आलेल्या फळाच्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात आणि गर खातात. आठ-दहा दिवसांनी फळ गळतं, अळी मातीत शिरते, बोटभर खोलीवर कोष करते आणि पुन्हा आठ-दहा दिवसांनी नवी माशी होऊन वर येते. बाहेरून आंबा सोन्यासारखा दिसतो, आणि सुरी घातल्यावर आत अळ्या वळवळतात. ज्याच्या पेटीत असा एक आंबा निघाला त्याच्याकडे ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

म्हणून बागायतदाराची भीती मी हलकी मानत नाही. 1986 साली जपानने या माशीपायी भारतीय आंब्याला दार बंद केलं आणि वीस वर्षांनी, 2006 मध्ये, बाष्प-उष्णता प्रक्रियेच्या (गरम वाफेने फळातली माशी मारण्याच्या) अटीवर ते उघडलं. अमेरिकेची बाजारपेठ 2007 साली खुली झाली, तीही आंब्यावर गॅमा किरणांची 400 ग्रेची मात्रा देऊन. एरवी कांद्यासाठी ओळखलं जाणारं लासलगाव त्या वर्षी तिथल्या किरण-प्रक्रिया केंद्रातून जाणाऱ्या हापूसच्या पेट्यांसाठी बातम्यांत होतं. आणि 2014 ची गोष्ट तर सगळ्यांच्या लक्षात आहे. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांमध्ये फळमाशीसारख्या किडी सापडल्या म्हणून युरोपीय संघाने 1 मे पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्यावर बंदी घातली. ऐन हंगामात. लंडन-लेस्टरमधल्या दुकानांत हापूसची वाट बघणाऱ्या मराठी घरांना त्या वर्षी तो मिळाला नाही आणि इथे खोके भरून तयार असलेल्यांना भाव मिळाला नाही. पुढच्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठली. पण धसका राहिला, आणि धसक्यात माणूस जवळच्या झाडावर कुऱ्हाड उचलतो.

आता "यजमान" या शब्दाकडे येतो. आंब्यावरची आपली मुख्य फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, हिच्या यजमान वनस्पतींच्या याद्या जगभर छापल्या गेल्या आहेत. त्यांत चारशेहून अधिक वनस्पतींची नावं येतात. एवढी लांब यादी पाहिली की वाटतं, आसपासचं प्रत्येक झाड शत्रू आहे. पण यादीत नाव येण्यासाठी फार थोडं पुरतं. कधीतरी, कुठेतरी, एखाद्या फळातून दोन माश्या निघाल्या की नाव चढलं. दरवर्षी हजारो माश्या पुरवणारा पेरू आणि दहा वर्षांत एकदा दोन माश्या दिलेलं रानफळ यादीत एकाच ओळीत, सारख्याच टाइपात छापलं जातं. किती फळांतून किती माश्या, कुठल्या महिन्यात, आणि त्यांच्याबरोबर आणखी काय निघालं, हे यादी सांगत नाही. अशा यादीवरून झाड तोडायचा निर्णय घेणं म्हणजे मतदारयादी वाचून चोर कोण ते ठरवणं.

शिवाय फळमाशी ही एक जात नाही. या कुळातल्या दोनशेहून अधिक जाती भारतात आहेत. त्यांतल्या आपल्या पिकांना उपद्रव देणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. बाकीच्या आपापल्या रानझाडांशी बांधलेल्या आहेत. रुईच्या फळात वाढणारी एक फळमाशी आहे, डॅकस पर्सिकस. तिचं सगळं आयुष्य रुईच्या चिकाभोवती जातं. हापूसशी तिचा काही संबंध नाही. बोरातली अळी वेगळ्या माशीची, कार्पोमाया वेसुवियानाची. ती बोराच्याच गोतातल्या फळांत राहते. बांबूच्या कोवळ्या कोंबात वाढणाऱ्या फळमाश्या आहेत, त्या फळाकडे ढुंकूनही बघत नाहीत. झेंडूच्या कुळातल्या रानफुलांच्या गोंड्यात बिया खाणाऱ्या आहेत. आणि पावसाळ्यात कुंपणावर चढणारी रानतोंडली, करटोली यांच्यात सापडते ती काकडी-कारल्याची माशी. तिला आंब्याचं सोयरसुतक नाही. रानफळात अळी दिसली म्हणजे ती उद्या कलमावर येणार, हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण कुंभ्याच्या बाबतीत काकांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. बॅक्ट्रोसेरा कॅरी नावाची एक फळमाशी पश्चिम घाटात आणि दक्षिण भारतात आढळते. तिच्या नावातला "कॅरी" हा कुंभ्याच्या शास्त्रीय नावावरून, केरिया या शब्दावरून आलेला आहे. ही माशी आंब्यावरही जाते. हे मी लपवणार नाही. ज्याला रानझाडाची बाजू घ्यायची आहे त्याने हे आधी कबूल करायला हवं, नाहीतर बागायतदार त्याचं ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

पण मग पुढचा प्रश्न विचारू या. आंब्याचा हंगाम जूनमध्ये संपतो. तिथून पुढल्या मार्च-एप्रिलपर्यंत माशी कशावर तग धरते? आमच्या वाडीत फिरून बघा. घराच्या परड्यात पेरू आहे, त्याच्या शेजारी चिकू, विहिरीपाशी जाम, रस्त्याकडेला देशी बदाम. पेरू आणि चिकू अमेरिकेतून आले, पोर्तुगीज आल्यानंतर. पावसाळ्यातला पेरू फोडला तर अळी नसलेला सापडणं कठीण, हे घराघरात माहीत आहे. कुणी तो उचलत नाही. तो झाडाखाली कुजतो आणि त्याच्याखालची माती माश्यांचं पाळणाघर होते. माशीला वर्षभर हातावर हात देत पुढे नेणारी साखळी आपल्या अंगणात आहे, आणि दोष मात्र गडग्यावरच्या कुंभ्याला. पेरू तोडा असं मी म्हणत नाही, पेरू मलाही आवडतो. उचला, एवढंच म्हणतो.

आणि आंब्याचं काय? आंबा याच उपखंडाच्या ईशान्य भागातला, माशीही दक्षिण आणि आग्नेय आशियातली. यांची ओळख कलम बांधायची कला जन्मायच्या कितीतरी आधीची आहे. रायवळ आंबा हा माशीचा जुना यजमान आहे. एखाद्या जुन्या रायवळाखाली जूनच्या पहिल्या पावसानंतर पडलेल्या बिटक्यांचा खच बघा. हापूसचा शेवटचा, उशिरा उतरवलेला माल सर्वांत जास्त किडतो तो याच दिवसांत. यजमान नष्ट करायचा नियम खरोखर पाळायचा, तर तो आंब्यापाशीच येऊन थांबेल.

आता माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग. फळमाशीच्या अळ्यांवर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या असतात. माणसाला त्या डसत नाहीत, दिसतही नाहीत सहसा. मादीच्या शेपटाकडे अंडी घालायची केसासारखी सुई असते. ती फळाच्या सालीतून सुई आत खुपसते, आत दडलेल्या माशीच्या अळीत आपलं अंडं घालते. अळी वाढते, मातीत जाऊन कोष करते, पण कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी बाहेर येते. फोपियस अरिसॅनससारख्या काही जाती तर माशीच्या अंड्यालाच गाठतात.

इथे फळाच्या आकाराचा प्रश्न येतो. रानफळ छोटं, त्याचा गर पातळ. आतली अळी सालीपासून फार दूर पळू शकत नाही, सुई पोचते. आपण शतकानुशतकं निवड करून फळ मोठं केलं, गर जाड केला, बी लहान केली. ते आपल्यासाठी केलं, पण त्याचा फायदा अळीलाही झाला. गराच्या खोल भागात तिला गांधीलमाशीपासून सुरक्षित खोली मिळाली. उत्तर अमेरिकेत हे फार स्पष्ट दिसलेलं आहे. तिथल्या हॉथॉर्न या काटेरी रानझाडाच्या लहान फळात राहणारी एक फळमाशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, युरोपीय लोकांनी आणलेल्या सफरचंदावर गेली. बेंजामिन वॉल्श या कीटकशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकातच त्याची नोंद केली. पुढे अभ्यासकांनी तुलना केली तेव्हा हॉथॉर्नच्या फळातल्या अळ्यांवर गांधीलमाश्यांचा हल्ला जास्त आणि सफरचंदातल्या अळ्यांवर कमी आढळला. रानात माशीवर वचक होता, बागेत तो सैल झाला.

हवाईची कथा आपल्याशी थेट जोडलेली आहे. काकडी-कारल्याची माशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाईत पोचली. तिथे तिला ओळखणारा कुणीच नव्हता, तिने वेलभाज्यांचा फडशा पाडला. तेव्हा डी. टी. फुलावे या कीटकशास्त्रज्ञाने दक्षिण भारतातून तिची शत्रू असलेली गांधीलमाशी नेली आणि 1916 साली हवाईत सोडली. ती रुजली. तिथे काय दिसलं? रानकारल्याच्या छोट्या फळांत तिने माशीच्या अळ्यांचा भरपूर समाचार घेतला, आणि शेतातल्या मोठ्या, जाड फळांत तिचं तितकंसं चाललं नाही. आपल्या कुंपणावरून निघून ती हवाईला गेली आणि तिथल्या रानवेलीने तिला आसरा दिला. आपण मात्र आपल्या कुंपणावरचे रानवेल साफ करतो आहोत.

शत्रू नसला की काय होतं, तेही जगाने पाहिलं. आपली आंब्यावरची माशी 2003 साली केनियात सापडली आणि काही वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत देशोदेशी पसरली. तिथे तिचे आशियातले जुने वैरी नव्हते. ताहितीत ती 1996 मध्ये आढळली. 2002 मध्ये तिथे फोपियस अरिसॅनस सोडली गेली आणि माशीची संख्या घटली. लोक ज्या मित्रकीटकासाठी समुद्र ओलांडतात त्याच्या मूळ प्रदेशात आपण राहतो. आशिया हे त्याचं माहेर. बाकीच्या जगाने जे विकत किंवा मागून आणलं, ते आपल्याकडे गडग्यावर फुकट वाढतं आहे.

मेक्सिकोतल्या वेराक्रूझ राज्यात मार्टिन अलुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार पुढे नेला. तिथे आंबा पाहुणा आहे. त्याच्यावरची माशी तिथल्या रानातली, आपल्या आंबाड्याचाच भाऊबंद असलेल्या स्पाँडियास मोंबिन या झाडाच्या फळात वाढणारी. आंब्यात तिच्या अळ्यांवर गांधीलमाश्या फार पोचत नाहीत. रानआंबाड्यात मात्र भरपूर पोचतात. अलुहांनी रानझाडांची वर्गवारी केली. काही झाडं उपद्रवी माशीलाही पोसतात, पण माशीपेक्षा तिचे शत्रू अधिक तयार करतात. काही झाडांत ज्या माश्या वाढतात त्या पिकाला हातच लावत नाहीत, पण त्यांच्यावर जगणाऱ्या गांधीलमाश्या पिकावरच्या माशीलाही मारतात. आता वर सांगितलेल्या निरुपद्रवी माश्यांचा विचार याच दृष्टीने करून पाहा. ज्या रानमाशीचा आपल्याला काडीचा त्रास नाही, ती माशी बागेच्या राखणदाराचं बिगरहंगामी अन्न असू शकते. तिचं झाड तोडलं की राखणदार उपाशी मरतो आणि पुढच्या मे महिन्यात बागेत त्याची गैरहजेरी जाणवते. झाड टिकवा, लाकूडही मिळेल आणि बागही राखली जाईल, असा सरळ हिशेब वेराक्रूझच्या शेतकऱ्यांपुढे मांडला गेला. तो आपल्याकडेही मांडता येईल.

सापळ्यांच्या विरोधात मी नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आमच्याही बागेत टांगलेला आहे. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माश्या येतात आणि मरतात. पण हा वास आला कुठून? बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी शेती संशोधन संस्थेत फ्रँक हाउलेट हे कीटकशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांच्या शेजाऱ्याने डासांसाठी रुमालावर सिट्रोनेला तेल लावलं आणि डासांऐवजी फळमाश्याच त्याच्यामागे लागल्या. हाउलेटने पाहिलं तर सगळे नर. 1912 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि 1915 पर्यंत मिथाइल युजेनॉलपर्यंत पोचले. हे द्रव्य आपल्या तुळशीत आहे. आग्नेय आशियाच्या जंगलात बल्बोफायलम नावाच्या आमरीच्या (ऑर्किडच्या) काही जाती याच वासाने नर माश्यांना बोलावतात. माशी फुलाच्या ओठावर बसली की तो झोपाळ्यासारखा कलतो आणि परागांची गाठोडी तिच्या पाठीला चिकटते. त्या फुलाचं परागीभवन ही माशीच करते. म्हणजे बागेतला आपला सर्वांत खात्रीचा उपायही रानानेच शिकवलेला आहे. रान नाहीसं झालं असतं तर हे समजलं नसतं.

जपानने दक्षिणेकडच्या बेटांवरून ही माशी 1986 साली कायमची हटवली, असं कुणी लगेच सांगेल. खरं आहे. पण ती बेटं होती, आणि माशी तिथे बाहेरून आली होती. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली आपली पट्टी माशीचं मूळ घर आहे. तिला इथून हाकलून देता येणार नाही. तिच्यावर वचक ठेवता येईल, आणि तो ठेवणारे जिवंत असायला हवेत.

आपण काय करतो? मोहोरापासून फवारण्या मारतो. त्यांत तुडतुडे मरतात आणि गांधीलमाश्याही मरतात. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. तिने कोकणात पैसा आणला हे मी मानतो, आमच्या घरातही आणला. पण कातळाला सुरुंग लावून खड्डे काढताना आणि डोंगरउतार साफ करताना मधली झाडी गेली. डोंगरच्या डोंगर एकाच कलमाचे झाले. वृक्षतोडीसंबंधीच्या 1964 च्या कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे, फणस आहे, ऐन आणि किंजळ आहेत. कुंभा नाही, आंबाडा नाही. म्हणून ती झाडं तोडायला कुणाला फार विचारावं लागत नाही.

माझी मागणी साधी आहे. कृषी खात्याच्या आणि विद्यापीठाच्या शिफारशींत "पर्यायी यजमान नष्ट करा" हे सरसकट वाक्य राहू नये. त्याजागी झाडाचं नाव लिहा, आणि नाव लिहायच्या आधी मोजा. प्रत्येक तालुक्यात वर्षभर रानफळं गोळा करा. किती किलो फळांतून कुठल्या माश्या निघाल्या आणि कुठल्या गांधीलमाश्या, ते लिहा. याला महागडी यंत्रं लागत नाहीत. वाळूची बरणी लागते, वर बांधायला मलमलचं फडकं लागतं आणि दर आठवड्याला कुणीतरी उघडून बघायला लागतं. कोकणातल्या शेतीशाळा आणि कृषी महाविद्यालयातली मुलं हे आनंदाने करतील. त्या हिशेबात जे झाड खरोखर माश्याच माश्या देतं ते बागेलगत ठेवू नका, मी स्वतः कुऱ्हाड धरेन.

आणि गळलेलं फळ. आंब्याचा हंगाम संपत आला की बागेत पडलेला आंबा उचलायला गडी परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी माशीचा खरा कारखाना तो आहे. उचललेलं फळ खड्ड्यात पुरा असं सांगतात. ते बरोबर आहे, पण खोल पुरल्यावर अळ्यांबरोबर त्यांच्या पोटातल्या गांधीलमाश्याही गाडल्या जातात. हवाईत यावर एक सुरेख उपाय वापरला गेला. बारीक जाळीचा तंबू उभारायचा, गळलेली फळं त्यात टाकायची. जाळी अशी मापाची की माशी अडकून राहते आणि तिच्याहून सडपातळ गांधीलमाशी बाहेर निघून जाते. आपल्याकडे मच्छरदाणी शिवणारे आहेत, शेडनेट विकणारी दुकानं तालुक्यातालुक्यात आहेत. वाडीत मिळून एक तंबू उभारला तर खर्च एका पेटीच्या भावाबाहेर फार जाणार नाही.

काकांचं बोलणं ऐकून मी कुंभा तोडला नाही. जूनमध्ये गडग्याखालच्या बिटक्या आणि कुंभ्याची पडलेली फळं वेगवेगळ्या बरण्यांत वाळूवर ठेवली. तिसऱ्या आठवड्यात बिटक्यांच्या बरणीत माश्या दिसल्या. त्यांच्यात दोन-चार निराळ्या होत्या, बारीक कंबरेच्या, लांब मिशांच्या. मी काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, बरणी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "कुंभ्याची बरणी खंय आसा?"